आज्ञावलि आणि उत्तरदायित्व

मनुष्यावर विश्वास ठेवण्याचा प्रसंगच न येईल अशी व्यवस्था निर्माण झाली, तर नीतीची गरज संपेल काय? सन २००९ मध्यें बिटकॉइन हें चलन निघालें, तें पेढीवरील विश्वासाची जागा गणितास देण्याच्या आकांक्षेनें. तिची खरी कसोटी सन २०१६ मध्यें लागली. इथेरियमवर 'द डाओ' नांवाचा सामायिक गुंतवणूक-निधि उभारला गेला. त्याची संगणकीय आज्ञावलि हाच त्याचा करार. जूनमध्यें कोणी एकानें तींतील उणीव हेरून सुमारें ३६ लक्ष ईथर आपल्याकडे वळविले. अक्षर पाहतां नियमभंग नव्हता. आशय पाहतां ती चोरी होती. जुलैमध्यें बहुसंख्यांनीं वहींतील नोंदच फिरवून गुंतवणूकदारांस पैसा मिळवून दिला. एकदां फिरविलेली वही उद्यां बलिष्ठांसाठींही फिरेल, असें म्हणणारे 'इथेरियम क्लासिक' या नांवानें जुन्या वहीस चिकटून राहिले. त्यांची शंका निराधार नव्हती. पण दोन्ही पक्षांस निवाडा मात्र स्वतःच करावा लागला.

आतां आज्ञावलि लिहिण्याचें कामही कृत्रिम बुद्धि करूं लागली आहे. पूर्वीं लिहिणारास 'तुझा हेतु काय होता?' असें विचारतां येई. यंत्रास विचारून कोणास जबाबदार धरणार? श्रम वांचले हें आम्हांस मान्य आहे. तथापि न वाचतां सही करूं नये, हा देवघेवींतील जुना दंडक आतां आज्ञावलि स्वीकारणारास व तींत पैसा घालणारास सारखाच लागू आहे, असें आम्हांस वाटतें.