कैद्याची वही

शास्त्रपाठ : यिर्मया 36, फिलेमोनास पत्र



यहूदाचा राजा यहोयाकीम हिंवाळ्याच्या मंदिरांत शेगडीपुढें बसला असतां त्याच्यासमोर एक गुंडाळी वाचण्यांत आली. ती सांगणारा यिर्मया अटकेंत होता. त्यास मंदिरांत जाण्याची मोकळीक नव्हती. म्हणून त्यानें तोंडानें सांगितलें, बारूखानें शाईनें लिहून घेतलें, आणि तें लिहिलेलें राजवाड्यापर्यंत पोहोंचलें. वाचणाऱ्यानें तीन चार स्तंभ वाचावे, कीं राजानें तेवढा भाग चाकूनें कापून विस्तवांत टाकावा. गुंडाळी जाळूं नये म्हणून तीन सरदारांनीं विनवणी केली. ती व्यर्थ गेली. ह्या अध्यायावर उपदेश करितांना आम्ही आजवर राजाच्या उद्दामपणाविषयींच बोलत आलों. यंदा मात्र तो वाचतांना आम्हांस स्वतःची एक गोष्ट आठवली.

पुष्कळ वर्षांपूर्वीं एका मंडळींत नाताळानिमित्त शाळेच्या मुलांची निबंधाची चढाओढ ठेविली होती. विषय 'माझें घर' असा होता व आम्हांस परीक्षक म्हणून बोलाविलें होतें. बहुतेक वह्यांत एकच घर होतें : अंगणांत गाय, दाराशीं फुलझाडें, आई प्रेमळ, बाबा कष्टाळू. हें सारें छापील पुस्तकांतून पाठ केलेलें. एका मुलानें मात्र लिहिलें होतें कीं, त्याचा बाप तुरुंगांत आहे. भेटीच्या दिवशीं आई पहांटेची एस.टी. धरते, नेलेली भाकरी आंत घेत नाहींत, म्हणून मायलेंक ती परततांना स्थानकावर बसून खातात, आणि बापाची चप्पल अजून दाराशीं ठेविलेली आहे. अक्षर वाईट, शुद्धलेखनाच्या चुका मोजूं नयेत इतक्या. तरी आम्हांस तीच वही सर्वांत चांगली वाटली.

परंतु एक वडील म्हणाले, "हें मंडळीपुढें वाचूं नये. त्या बाईची अब्रू जाईल. शिवाय ज्याच्या घरीं चोरी झाली तोही आपल्यांतलाच आहे." आम्ही गप्प राहिलों. बक्षीस सुंदर अक्षराच्या वहीस दिलें. तेथें शेगडी नव्हती कीं चाकू नव्हता, एवढाच काय तो फरक.

जगांत ह्या बाबतींत आमच्याहून धीट माणसें झालीं आहेत. आर्थर कोस्लर हा लेखक 1937 सालीं स्पेन देशांतील सेव्हिल येथील तुरुंगांत मरणाच्या छायेंत दिवस काढीत होता. पुढें तो इंग्लंडांत स्थायिक झाला, आणि कैद्यांनीं लिहिलेल्या, रंगविलेल्या व घडविलेल्या कामास बक्षिसें द्यावीं अशी योजना त्यानें उभी केली. ती 1962 सालीं सुरू झाली व आजही चालू आहे. नुसतें बक्षीस देऊन ते थांबत नाहींत. अनेकांस परीक्षकांचा लेखी अभिप्रायही मिळतो. कोठडींतील माणसास 'तुझें दुसरें पान चांगलें आहे, तिसरें उगाच लांबलें' असें कोणी मनापासून कळविणें ही आमच्या मतें पैशांहून मोठी गोष्ट होय. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील अॅटिका येथील तुरुंगांत 1971 च्या सप्टेंबरांत कैद्यांनीं उठाव केला. त्यांत कैदी व कर्मचारी मिळून 43 माणसें मेलीं. त्याच वर्षीं 'पेन' ह्या लेखकसंस्थेच्या अमेरिकन शाखेनें तुरुंगांतील लेखकांसाठीं कार्य आरंभिलें. कविता, कथा, निबंध व नाटक ह्यांची त्यांची चढाओढ दरवर्षीं होत आली आहे.

कोणी म्हणेल, तुरुंगांतलें लेखन आम्हांस नवें नाहीं. खरेंच आहे. बनियन बारा वर्षें बेडफर्डच्या तुरुंगांत होता. अमळनेरचे शिक्षक साने गुरुजी ह्यांनीं 'श्यामची आई' 1933 सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली. पण ह्यांचा मान राखणें सोपें आहे, कारण त्यांनीं कोणाचें घर फोडिलें नव्हतें. ज्यानें खरोखरच फोडिलें, त्याची वही हातीं घ्यावी काय, हा खरा प्रश्न आहे.

येथें फिलेमोनाचें पत्र पाहा. अनेसिम हा दास धन्याच्या घरून निघून गेला होता. त्यानें धन्याचें कांहीं नुकसान केलें असावें, असें पत्रावरून दिसतें. पौल स्वतः बेड्यांत असतां त्याच्यासाठीं लिहितो, आणि तें पत्र एकट्या फिलेमोनास नव्हे, तर त्याच्या घरीं जमणाऱ्या मंडळीसही उद्देशून आहे. पौल नुकसान नाकारीत नाहीं, विसरून जा असेंही म्हणत नाहीं. जें देणें असेल तें माझ्या हिशेबीं मांड, असें तो स्वहस्तें लिहून देतो. ज्याचें नुकसान झालें त्याच्याशीं तो आधीं बोलतो. आम्हीं तेंच केलें नव्हतें. वडिलांनीं त्या बंधूचें नांव पुढें केलें, आम्हीं तें मान्य केलें, आणि त्यास विचारलें कोणींच नाहीं. अलीकडे आम्हीं त्याची गांठ घेतली. तो म्हणाला, "तेव्हां मी हो म्हटलें असतें कीं नाहीं, सांगतां येत नाहीं. पण विचारायला हवें होतें."

उपदेशक बंधूंनीं यंदा नाताळाच्या चढाओढीसाठीं वह्या मागवितांना त्यांवर नांव घालूं देऊं नये, नुसता आंकडा असावा. पाठ केलेली गाय दिसली तर मुलास रागावूं नये; त्याच्या स्वतःच्या गोठ्यांत काय आहे तें विचारावें. जवळ कारागृह असेल तर तेथील अधिकाऱ्यांच्या परवानगीनें आंतल्या लोकांसही तोच विषय द्यावा व कांहीं कागद पाठवावे. बक्षीस म्हणजे माफी नव्हे, हें त्यांस व मंडळीस आधींच स्पष्ट सांगावें. पुष्कळ गैरसमज तेथेंच होतात. आणि जें येईल तें शेवटपर्यंत वाचावें.

यिर्मयाची गुंडाळी जळाली, तेव्हां त्यानें दुसरी घेतली. बारूखानें तींत पहिले सर्व शब्द पुन्हां लिहिले व तशाच आणखी पुष्कळ शब्दांची भर पडली.

त्या मुलाची वही आमच्या पेटींत राहिली होती. तो आतां दोन मुलांचा बाप आहे. गेल्या महिन्यांत आम्ही त्याच्या घरीं जाऊन ती परत दिली व झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग चपलेच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "पाळकसाहेब, ह्यांत लिहायचें पुष्कळ राहून गेलें आहे." आणि त्यानें आपल्या मुलीकडून पेन मागून घेतलें.