वाऱ्याचा दिवस

घाटंजी तालुक्यातल्या एका महिला बचत गटाला ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून फवारणीचा ड्रोन मंजूर झाला. किमतीचे 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख रुपये, केंद्र सरकार देणार. उरलेल्यासाठी गटानं कर्ज काढायचं. गटातल्या एकीला 15 दिवसांचं प्रशिक्षण त्यातच.

“मशीन येते ना, मंग झालं! पंधरा दिवस कोणीबी जाऊन बसा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

गेली ती दहावी शिकलेली एक सून. तिला कारण होतं. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले होते. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत, तोंडाला साधं फडकंही न बांधता फवारणारा तिचा सासरा त्याच हंगामात दवाखान्यातून कसाबसा जिवंत परतला होता. प्रशिक्षणात बाकीच्या जणी ड्रोन उडवायला उतावीळ असत. ही वाऱ्याचे नियम वहीत उतरवून घेई.

सप्टेंबरात पहिलं मोठं काम मिळालं, गटाच्या कोषाध्यक्षबाईंच्याच दिराचं. दहा लिटरची टाकी भरली, बॅटरी बसवली. इतक्यात वारा सुटला. तिनं चिमूटभर माती हातातून सोडली. ती थेट शेजारच्या धुऱ्याकडे गेली. तिकडं सात-आठ बाया निंदणाला बसल्या होत्या. तिनं बॅटरी काढून ठेवली.

“काहून थांबली वं?” कोषाध्यक्षबाई तडकल्या.

“वारा तिकडं हाय, काकू. औषध त्या बायांवर जाईन. उद्या सकाळी वारा पडला का करतो.”

“अन् हप्ता काय वारा भरीन?”

दीरही चिडला. मजूर लावून पंप मारून घेतो, म्हणाला. तिनं उलट उत्तर दिलं नाही, पण बॅटरीही परत बसवली नाही. त्या दिवशी गटाला एक रुपया मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती हजर होती. वारा पडलेला. ऊन चढायच्या आत शेत फवारून झालं.

महिन्याच्या बैठकीत कोषाध्यक्षबाईंनी तो बुडालेला दिवस काढलाच. तेव्हा एक म्हातारी उठली. त्या दिवशी निंदणाला बसलेल्यांत तीही होती.

“सरकारनं लाखो रुपये मशिनीले देल्ले, ते तुमी मोजता. हिले पंधरा दिवस शिकोलं, ते कोणी मोजत नाई. त्या दिवशी आमाले मशिनीनं नाई वाचोलं, त्या पंधरा दिवसानं वाचोलं.”

कोषाध्यक्षबाई गप्प झाल्या. पुढच्या हंगामापासून काम घेतानाच गट शेतकऱ्याला सांगू लागला : वारा असला तर फवारणी दुसऱ्या दिवशी.

तात्पर्य : यंत्र चालवता येणं ही अर्धी विद्या, ते केव्हा चालवू नये हे कळणं ही उरलेली अर्धी. सरकारी मदतीवर शिकणाऱ्यानं दोन्ही शिकून घ्याव्यात, कारण त्या शिक्षणाचा खर्च साऱ्या समाजानं उचललेला असतो.