परीक्षा हवी, गुण नकोत

२०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. डिसेंबर २०२४मध्ये केंद्रानेही या दोन इयत्तांपुरती नापास करण्याची वाट मोकळी केली. लगेच दोन तट पडले. ढकलपास बंद झालं, आता पोरं अभ्यासाला लागतील, असं एक तट म्हणतो. परीक्षा मुलाला दडपते, घोकंपट्टीला जुंपते, तिच्यातून ते काहीच शिकत नाही, असं दुसरा. या दुसऱ्या तटात माझी जवळची माणसं आहेत आणि मुलांविषयीचा त्यांचा कळवळा खरा आहे. पण त्यांचं शेवटचं विधान साफ चूक आहे, आणि ज्या मानसशास्त्राचा ते हवाला देतात त्यानेच ते खोडून काढलं आहे.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिकी यांचा २००६मधला प्रयोग शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगायला हवा. एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तिन्हींत, उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने वाचणारे ४०वर घसरले, लिहिणारे ६१वर होते. आणि आपल्याला हे नीट लक्षात राहील याची जास्त खात्री होती ती वाचणाऱ्यांनाच! आठवण्याच्या खटपटीतच शिकलेलं घट्ट होतं. पाठांतराच्या कैवाऱ्यांनी मात्र यावर खूश होऊ नये. गाईडमधलं उत्तर दहादा वाचणारा मुलगा पहिल्या गटात बसतो.

गणितात तर आपण ही खटपट करूच देत नाही. दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणं सोडवायच्या तीन रीती आहेत: अवयव, पूर्ण वर्ग आणि सूत्र. प्रत्येकीचा सरावसंच वेगळा, आणि कोणत्या पद्धतीने सोडवायचं ते वरच लिहिलेलं. मुलगी भराभर गणितं सोडवते, बाई शाब्बास म्हणतात. पण कुठली रीत कुठे लावायची, हा खरा निर्णय पुस्तकाने आधीच घेऊन टाकलेला असतो. डग रोहरर यांच्या २००७च्या प्रयोगात घनफळाची गणितं प्रकारवार सोडवणाऱ्यांची सरावात ८९ टक्के बरोबर आली, सरमिसळ सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत प्रकारवारवाले २०वर आणि सरमिसळवाले ६३वर! आपल्याकडे प्रकरणाच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह वेळ उरला तर होतो. तो दर आठवड्याला, मागच्या प्रकरणांची गणितं मिसळून व्हायला हवा.

यावरचा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. हे प्रयोग कॉलेजातल्या मुलांवरचे. आपल्याकडे पाचवीच्या वर्गात असंही मूल असतं, ज्याला दुसरीचा उतारा वाचता येत नाही. ते काय आठवणार? खरं आहे. जे डोक्यात गेलंच नाही ते आठवता येत नाही; कोऱ्या कागदासमोर बसून त्याला आपण मठ्ठ आहोत एवढंच कळेल. त्याला आधी वाचायलाच शिकवलं पाहिजे.

आणि इथेच पहिल्या तटाशी असलेली माझी जवळीकही संपते. तो कोरा कागद शिक्षकाला जुलैत दिसला तर ऑगस्टमध्ये काही करता येतं. वार्षिक परीक्षा येते वर्ष संपताना. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधला जातो, मुलाच्या हाती प्रगतिपुस्तक पडतं, आणि कुठला प्रश्न का चुकला हे त्याला कळतच नाही. नापासाला दोन महिन्यांत पुन्हा संधी आहे, हे ठीक. पण पाच वर्षांचं राहिलेलं दोन महिन्यांत कसं भरून निघणार?

मला हवी ती परीक्षा रोजची आहे. तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं, वह्या मिटलेल्या, रफ कागदावर तीन प्रश्न: एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या महिन्याचा. उत्तरं लगेच फळ्यावर, ज्याची त्याने तपासायची. गुण नाहीत, नोंद नाही, पालकांना कळवणं नाही. गुण आले की मूल चूक लपवायला लागतं, आणि शिक्षकाला नेमकी ती चूकच पाहायची असते. ‘समजलं का?’ या प्रश्नाला सगळ्या वर्गातून एका सुरात ‘हो’ येतं, त्यात ती दिसत नाही. याला पैसा लागत नाही, वेळ लागतो, आणि पोर्शन कुठवर आला असं विचारणाऱ्या अधिकाऱ्यांनीच तो शिक्षकाला द्यायला हवा. वर्गभेटीला येतील तेव्हा त्यांनी संपलेले धडे मोजू नयेत. जूनमध्ये शिकवलेल्यातला एक प्रश्न डिसेंबरमध्ये मुलांना विचारावा.