चंदय्यांचा दोर आणि आपला गल्ला



नुलिय चंदय्या हे दोर वळणारे शरण. गवत कापावे, दोर वळावा, तो विकून आलेल्या पैशातून जंगमदासोह करावा, हे त्यांचे कायक. गवत कापताना इष्टलिंग पाण्यात पडले तरी ते थांबले नाहीत; लिंगच त्यांच्या मागे आले. मडिवाळ माचय्यांच्या मध्यस्थीने त्या लिंगाकडे दोर विकण्याचे काम आले. लिंगाने दोर बसवण्णांना विकला आणि बसवण्णांनी मोलाच्या कितीतरी पट धन दिले. ते जास्तीचे धन चंदय्यांनी घेतले नाही.

ही कथा आपण कायकाची थोरवी सांगताना नेहमी सांगतो. पण तिच्यात भावाचा प्रश्न आहे आणि तो आपल्याला टोचला पाहिजे, कारण लोक आपल्याला वाणी म्हणूनच ओळखतात. कथेत बसवण्णांनी धन राजीखुशीने दिले होते, फसवणूक कोणाचीच नव्हती. तरी ते परत गेले. गिऱ्हाईक देते म्हणून घ्यावे, हा न्याय चंदय्यांना मान्य नव्हता. शिवाय ते धन दासोहालाच लागणार होते! मठाला देणगी देऊ, मग चार पैसे जास्त घेतले तर काय बिघडले, असे म्हणणाऱ्यांनी इथे थोडे थांबावे.

आता पांढुर्णा-सौसरच्या बाजारात या. २०२३ साली हे दोन्ही तालुके मिळून वेगळा जिल्हा झाला. दुकानाचे गणित मात्र तेच आहे. ८० रुपयांना घेतलेली वस्तू १०० ला विकली तर खरेदीवर २५ टक्के आणि विक्रीवर २० टक्के नफा होतो. त्या वीस रुपयांतून भाडे, वीज, हमाली, उंदरांनी कुरतडलेला माल आणि बुडालेली उधारी जाते. म्हणून दुकानदाराला सरसकट लुटारू म्हणणे अन्याय आहे. साखर-तेलाचा भाव गिऱ्हाइकाला पाठ असतो, तिथे नफा जेमतेम सुटतो. ज्या वस्तूचा भाव कोणालाच ठाऊक नसतो तिथे हात सैल सुटतो. परीक्षा तिथेच आहे.

छापील किंमत ही कमाल किंमत आहे. तिच्याहून कमी घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, जास्त घेणे गुन्हा आहे. तरी थंड बाटलीवर 'फ्रीजचे' म्हणून दोन रुपये वर घेतले जातात आणि चिल्लर नाही म्हणून हातावर गोळी ठेवली जाते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल, शॅम्पू यांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. करासकट ११८ रुपयांची वस्तू त्या हिशेबाने १०५ ला यावी. ज्याने जुन्या दराने कर भरून माल घेतला आणि ज्याला त्याची वजावट मिळत नाही, त्याची अडचण खरी आहे. पण नवा, स्वस्त माल आल्यावरही जुनाच भाव सांगितला, तर वरचे तेरा रुपये कोणत्या कायकाचे?

आणि गिऱ्हाईक कोण? संत्र्याचा आंबिया बहार नाहीतर कापूस विकून आलेला शेतकरी. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासात शहरातला ग्राहक देतो त्या रुपयातले टोमॅटोवाल्या शेतकऱ्याला सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसे पोचतात असे दिसले. आपला माल विकताना अडत, वाहतूक, दलाल यांच्या हातून सुटून जे उरते, ते घेऊन तो आपल्या गल्ल्यासमोर उभा राहतो. बहार हाती येईपर्यंत माल त्याने उधारीवरच नेलेला असतो. उधारीला थोडे जास्त लावणे समजू शकते, पैसे अडकतात. पण तो आकडा किती, हे वहीत त्याच्यासमोर लिहिले जाते का? चंदय्यांच्या दोराचे मोल विकण्याआधीच ठरलेले होते. आपल्याकडे ते गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून ठरते, आणि रोखीने घेणारा मास्तर तीच चहापत्ती उधारीवाल्या मजुरापेक्षा स्वस्त नेतो.