बंद रस्ता आणि आपले मन

घराजवळच्या चौकात एका सकाळी लोखंडी बॅरिकेड्स उभी राहतात. 'वाहनांस प्रवेश बंद' असा फलक लागतो. त्या क्षणी आपल्या मनात पहिला विचार कोणता येतो, हे आपण कधी तपासले आहे का? बहुधा तो एकच असतो, 'आता माझी गाडी कुठून जाणार?'

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचे उदाहरण पाहू. आषाढी वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या येतात, तेव्हा हा रस्ता वाहनांसाठी बंद होतो. अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूकही येथूनच जाते आणि अनेकदा चोवीस तासांहून अधिक चालते. २०२१ पासून महापालिका ११ डिसेंबरला 'पादचारी दिन' पाळते. त्या दिवशी याच रस्त्याचा काही भाग केवळ चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवला जातो.

रस्ता तोच, बंदीही तशीच. आपली वागणूक मात्र बदलते. पालखीच्या दिवशी आपण वारकऱ्यांना पाणी देतो आणि स्वतःची गैरसोय आनंदाने सोसतो. मिरवणुकीमुळे कुणाची अडचण झाली, तर 'एक दिवस सांभाळून घ्या' म्हणतो. पण चालणाऱ्यांसाठी आपली गाडी अडली, की तोच एक दिवस आपल्याला अन्याय वाटतो. मग आपल्याला टोचते ते नेमके काय? रस्ता बंद होणे, की तो 'माझ्यासाठी' बंद न होणे?

गीतेच्या सहाव्या अध्यायात आत्मौपम्याची दृष्टी सांगितली आहे. दुसऱ्याचे सुखदुःख आपल्याच मापाने मोजायचे, असा तिचा भाव आहे. ध्यानाला बसल्यावर ती पटणे सोपे आहे. तिची खरी परीक्षा चौकात होते.

याचा अर्थ प्रत्येक बंदी मुकाट्याने सोसावी, असा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार वाहतुकीवर निर्बंध घालता येतात. मात्र महिन्याभरापेक्षा अधिक काळाच्या निर्बंधासाठी राजपत्रात अधिसूचना लागते आणि अल्पकाळाच्या निर्बंधाचीही स्थानिक पातळीवर शक्य तेवढी प्रसिद्धी करावी लागते. आधी कळवा, पर्यायी मार्ग दाखवा, रुग्णवाहिकेला वाट ठेवा, असे म्हणणे म्हणजे स्वार्थ नव्हे. ते नागरिकाचे कर्तव्यच आहे.

प्रश्न इतकाच, की आपण कोणासाठी बोलतो? म्हणून तक्रारीचा अर्ज लिहिण्यापूर्वी आपल्या गल्लीतील तीन घरी जाऊन या. एक, जिथे आजारी माणूस आहे. दुसरे, ज्याचे पोट हातगाडीवर किंवा छोट्या दुकानावर चालते. तिसरे, ज्यांच्याकडे वाहनच नाही, ज्यांची मुले रोज गाड्यांमधून वाट काढत शाळेत जातात. तिघांचे ऐकून घ्या. कदाचित अर्जातील मागणी बदलेल. कदाचित अर्जाची गरजच उरणार नाही. आणि विरोध करावासा वाटलाच, तर त्यात 'मी'ऐवजी 'आपण' असेल.

हाच नियम आपल्या उत्सवालाही लावू या. मांडव घालण्यापूर्वी त्याच तीन घरांना विचारू या. ज्या शेजाऱ्याचा आपल्या उत्सवाशी काहीच संबंध नाही, त्याची वाट मोकळी ठेवणे हीसुद्धा उपासनाच आहे.