शिक्षा कुणाला, दया कुणावर?



आमच्या अक्कलकोटात एक धीर लहानपणापासून कानावर पडतो. भिऊ नको, स्वामी पाठीशी आहेत. १८७८ साली स्वामी समर्थ गेले, तरी वडाखालची गर्दी हटत नाही. त्या गर्दीला मी हसत नाही. माणसाला पाठीशी कुणीतरी लागतंच. पण पाठीवर वळ कुणी उठवले, हे आधी विचारलं पाहिजे.

बायबलात काइन आपल्या भावाचा, हाबेलाचा खून करतो. देव आधी विचारतो, तुझा भाऊ कुठाय? मग त्याला रानोमाळ भटकायला लावतो. आणि कुणी त्याला मारू नये म्हणून खूणही करतो. शिक्षा आहे, राखणही आहे. पण गुन्हा काय, ते काइनला ठाऊक आहे.

आता आपला खटला बघा. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात ब्रह्महत्या करणाऱ्याचे पुढचे जन्म सांगितलेत. कुत्रा, डुक्कर, गाढव, आणि त्याच रांगेत चांडाळ. म्हणजे पोर जन्मायच्या आत निकाल तयार. गुन्हा कुठला, साक्षीदार कोण, काही नाही. गिरणीत मागल्या पाळीनं बिघडवलेला माल माझ्या नावावर टाकला तर मी मुकादमाशी भांडतो. इथं मागला जन्म कुणाला दाखवायचा?

मग दया येते. आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचा चोखा. विठ्ठलानं त्याच्यासोबत मेली ढोरं ओढली, अशी कथा. परंपरा सांगते, १३३८ साली कुसू बांधताना त्याखाली दबून चोखा मेला. समाधी मिळाली ती पंढरीच्या देवळाबाहेर. दार उघडायचं ठरलं १९४७ साली, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. देवानं ढोराला हात लावला, निकालाला नाही. असली दया सोसायला बळ देते, शिक्षा मोडत नाही. १९२७ साली महाडात बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, तेव्हा तो निकालच जाळला.

अंगुलिमालानं तर खरोखर माणसं मारली होती. बुद्धानं त्याला शाप दिला नाही. थांब म्हटलं, संघात घेतलं. पुढं लोकांच्या दगडांनी त्याचं डोकं फुटलं, तेव्हा बुद्ध म्हणाला, सोस. गुन्हा झाकला नाही आणि माणूसही टाकला नाही.

निवाड्याची पाळी आपल्यावरही येते. वस्ती पेटवणाऱ्याला कोर्टात खेचा, सोडू नका. पण त्याच्या पोराला जन्मावरून गुन्हेगार ठरवलंत, तर मनूचं तेच पान आपल्या हातानं पुन्हा लिहिलं जाईल. जाब करणाऱ्यालाच विचारा. आणि सोसणाऱ्याला दया देऊ नका. त्याचा निकाल फिरवा.