तबकडी कुणाच्या नावे?

आमच्या मलकापुरात संध्याकाळी वीज गेली की माणसं गच्चीवर जातात, आणि गच्चीवर गेली की त्यांना काहीतरी दिसतं. परवा शेजारच्या अण्णांना आंबा घाटाच्या अंगाला उडती तबकडी दिसली.

"हालत न्हाई बघा. नुस्ती बघतीया आपल्याकडं!"

मी आदल्याच रात्री टीव्हीवर तबकड्यांचा माहितीपट पाहिलेला. अधिकारवाणीने म्हणालो, "अण्णा, शुक्र आहे तो."

"खुळं का काय? आज मंगळवार!"

आता काय बोलणार? त्या माहितीपटात सगळं होतं. २४ जून १९४७ ला अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकाला नऊ चकचकीत वस्तू दिसल्या. पाण्यावर बशी फेकली की ती टप्पे घेत जाते, तशा त्या चालल्या होत्या, एवढंच तो म्हणाला. वर्तमानपत्रांनी चाल सोडली आणि बशी धरली! मग तिकडच्या हवाई दलाने १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी तपासल्या. कुठे ग्रह निघाला, कुठे विमान, कुठे फुगा. ७०१ नोंदींचा मात्र उलगडा झाला नाही.

"म्हणजे ७०१ खऱ्या!" आमची सौ. म्हणाली.

इथे माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती सस्पेन्स खात्यात जाते. सस्पेन्स म्हणजे 'माहीत नाही'. 'परग्रहावरून आली' असा त्याचा अर्थ होत नाही. २ एप्रिल २०२२ ला, ऐन पाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे गेले. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं. जाणकारांनी हिशेब जुळवला, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी अग्निबाणाकडे बोट गेलं. लोकांनी पाहिलं ते खरंच होतं. घाई झाली ती नाव घालण्यात.

ही घाई मीही केली आहे. नोकरीत नवा होतो. एकदा कॅशमध्ये नऊशे रुपये कमी आले. नोटांची थैली तिजोरीपर्यंत आमचे शिपाईमामा नेत, आणि नेमकी त्याच दिवशी त्यांच्या पोरीला नवी सायकल आलेली! मी तोंडाने काही बोललो नाही. नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

फरकाला नऊने भाग गेला की आकड्यांची उलटापालट शोधावी, हे कॉलेजात शिकवलेलं मला तिसऱ्या दिवशी आठवलं. ५,४०० चं व्हाउचर ४,५०० लिहिलेलं सापडलं. अक्षर माझंच.

"गावलं न्हवं साहेब? ब्येस झालं," म्हणत मामांनी चहा ठेवला. पण त्यानंतर माझ्या डब्यातली भाकरी त्यांनी कधी घेतली नाही.

'माहीत नाही' म्हणायला पैसा पडत नाही. तरी ते तोंडातून निघत नाही. रिकाम्या रकान्यात कुणाचं तरी नाव घातल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. मग तो रकाना आकाशातला असो की बँकेतला. आकाशातल्या नावाने कुणाचं बिघडत नाही, इतकंच.

गच्चीवरून उतरताना एकदम लक्षात आलं, शुक्र म्हणालो तो तरी कशाच्या आधारावर?

घरात आलो, मेणबत्ती लावली आणि आधी पंचांग उघडलं. व्हाउचर बघितल्याशिवाय शुक्राच्याही नावे काही टाकायचं नाही.